खेळाच्या तासाचा पैसा मागायचा कोणी?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांच्या मैदानांची दुरवस्था हा वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून डोके वर काढणारा विषय आहे आणि अशा बहुतेक पत्रांचा सूर ‘सरकार खेळाला पैसाच देत नाही’ असा असतो. ठाण्यातील एका अनुदानित मराठी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून मी निवृत्त झाले. त्यानंतर ओळखीच्या शाळांना निधीचे प्रस्ताव तयार करून देण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. त्या अनुभवावरून मला ही तक्रार अर्धीच खरी वाटते. पैसा अपुरा आहे हे मान्यच आहे. पण जो आहे तोही वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेला आहे आणि तो वेळेत, योग्य कागदांसह मागणे हे शाळेत कोणाचेही नेमून दिलेले काम नाही. मुख्याध्यापक, लिपिक आणि खेळाचे सर एकमेकांकडे बोट दाखवतात, तोवर आर्थिक वर्ष उलटून गेलेले असते. हा तिढा मंत्रालयात न जाता महापालिकेच्या पातळीवर सुटू शकतो, असे मला वाटते आणि म्हणून हे पत्र.

सर्वांना ठाऊक असलेली वाट म्हणजे समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणासाठीची सरकारी योजना. २०१८ पासून या योजनेत सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना क्रीडा साहित्यासाठी दरवर्षी अनुदान धरलेले आहे: प्राथमिक शाळेला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० रुपये, तर माध्यमिक व उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत. तीनशे मुलांच्या प्राथमिक शाळेत याचा हिशेब मुलामागे वर्षाला सतरा रुपयांच्याही आत येतो. तरीही ही रक्कम मी क्षुल्लक म्हणणार नाही. दोऱ्या, रिंग, प्लॅस्टिकचे शंकू, दोन-चार चेंडू आणि आखणीसाठी फक्कीची पोती एवढे तीत सहज बसते, आणि पहिली ते चौथीच्या मुलांना मनसोक्त पळवायला याहून फारसे काही लागतही नाही. अडचण येते ती वेळेची. पैसे खात्यावर दिसतात ते वर्ष संपत आल्यावर, आणि ‘३१ मार्चपूर्वी खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे’ अशी सूचना त्यांच्या पाठोपाठ येते. मग पुरवठादार जे तयार ‘किट’ पुढे करतो तेच घेतले जाते. ज्या शाळेला सिमेंटच्या अंगणाखेरीज जागा नाही तिच्या कपाटात भालाफेकीचा भाला आणि थाळी मी स्वतः पाहिली आहे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीत, त्यांची नोंद मात्र बिनचूक होती.

अनुदानित खासगी शाळांना हेही दार बंद आहे. नौपाडा, चरई, खारकर आळी किंवा कळव्यातील जुन्या शाळांकडे पाहून त्या श्रीमंत आहेत असा बाहेरच्यांचा समज होतो. प्रत्यक्षात शिक्षकांचे वेतन शासन देते आणि वेतनेतर अनुदान जेव्हा येते तेव्हा ते वीजबिल, छपाई आणि छपराची गळती यांत संपते. अशा शाळांसाठी राज्याच्या क्रीडा खात्याची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत राबवल्या जाणाऱ्या या योजनेतून मैदान समपातळीत आणणे, कुंपण, धावनमार्ग, प्रसाधनगृह, पिण्याचे पाणी आणि खेळांचे साहित्य यांसाठी मदत मिळू शकते. मान्यताप्राप्त खासगी शाळाही अर्ज करू शकतात, ही गोष्ट कित्येक मुख्याध्यापकांना मी सांगितल्यावरच कळली. अर्थात कळल्याने काम होतेच असे नाही.

एका शाळेच्या प्रस्तावाची फाइल मी अगदी जवळून पाहिली. मैदान शाळेच्या भिंतीला लागून, तीस-चाळीस वर्षे मुले तिथेच खेळत आलेली. पण मालमत्ता पत्रकावर नाव शाळेचे नसून संस्थेचे, आणि तेही संस्थेच्या जुन्या नावाने. पहिली त्रुटी तिथेच निघाली. ती दूर करण्यासाठी नावबदलाचा जुना आदेश शोधावा लागला. मग अंदाजपत्रक मान्यताप्राप्त अभियंत्याचे नाही म्हणून कागद परत आला. नवे अंदाजपत्रक जोडेपर्यंत संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल एका वर्षाने जुना झाला. यातील एकही आक्षेप अवाजवी नव्हता. सार्वजनिक पैसा देणाऱ्याने एवढे तपासायलाच हवे. परंतु प्रत्येक आक्षेपाचे पत्र वेगवेगळ्या महिन्यात आले आणि दरम्यान मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर बोर्डाच्या परीक्षा, पटपडताळणी आणि यू-डायसची, म्हणजे शासनाला दरवर्षी द्यायची शाळेची, माहिती येऊन पडली. काय काय लागेल याची यादी पहिल्याच दिवशी हातात असती, तर अर्ज त्याच वर्षी मार्गी लागला असता. नवी मुंबईत या कागदांना सिडकोच्या भाडेपट्ट्याची जोड मिळते. भूखंड शाळेचा आणि मैदान वेगळ्या करारावर अशी स्थिती असेल, तर कोणत्या करारातील कोणती अट लागू होते हे उलगडून सांगणारा माणूस मिळणे कठीण असते.

लोकप्रतिनिधींच्या निधीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याबद्दलच्या अपेक्षा बहुधा अवास्तव असतात. खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा आहे आणि ठाणे लोकसभा मतदारसंघ मीरा-भाईंदरपासून बेलापूरपर्यंत पसरला आहे. त्यातून एखाद्या शाळेला संरक्षक भिंत मिळू शकते. पण हा निधी टिकाऊ मालमत्तेसाठी आहे, तेव्हा दरवर्षी लागणारे चेंडू आणि प्रशिक्षकाचे मानधन त्यातून मागण्यात अर्थ नाही. ‘फिट इंडिया’च्या तारांकनाचेही तसेच. २९ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या या मोहिमेत शाळेला ध्वज मिळतो, तीन किंवा पाच तारे मिळतात, प्रमाणपत्र मुख्याध्यापकांच्या खोलीत लागते. पैसे मिळत नाहीत.

या दोन शहरांच्या बाबतीत खरी शक्यता आहे ती कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात. दिघ्यापासून नेरुळपर्यंतची ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टी, तळोजा आणि वागळे इस्टेट यांच्या सावलीत महापालिकेच्या आणि अनुदानित शाळा उभ्या आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, आणि जिथे कंपनीचा कारभार चालतो त्या परिसराला प्राधान्य द्यावे असे तेच कलम सांगते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कबड्डी, खो-खो आणि मल्लखांब यांसाठी मागणी करताना ‘हे कशात बसते’ असा संकोच बाळगण्याचे कारण नाही. लेझीम आणि कवायत मात्र ‘शिक्षण’ या कलमाखाली मांडावी लागतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले. दोन खांब, फक्कीच्या रेषा आणि मऊ माती एवढ्यावर चालणाऱ्या या खेळासाठी आमच्या शाळा अर्ज का करत नाहीत, हे मला कोडेच आहे.

मात्र इथेही कागदांचा उंबरठा आहे. कंपनी ज्या संस्थेमार्फत खर्च करते तिच्याकडे बारा-ए आणि ऐंशी-जी या नावांनी ओळखली जाणारी आयकर सवलतीची नोंदणी लागते आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून घेतलेला नोंदणी क्रमांकही लागतो. अनेक जुन्या शिक्षण संस्थांची धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी चोख असते. पण सीएसआर-१ हे नावच विश्वस्तांनी ऐकलेले नसते. हा अर्ज ऑनलाइन भरायचा असून त्यावर सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापाल यांपैकी एकाची डिजिटल स्वाक्षरी लागते. दुसरी बाब वेळेची. कंपनीचे संचालक मंडळ वार्षिक कृती आराखड्याला मंजुरी देते, आणि एप्रिलपासूनच्या वर्षासाठीची आखणी आधीच्या हिवाळ्यात सुरू झालेली असते. आमच्या शाळा जूनमध्ये वर्ग भरल्यावर पत्र घेऊन जातात. तेव्हा दारावरचा माणूस पत्रावर पोच देतो आणि विषय संपतो.

कंपन्यांबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. मदत देणाऱ्याला वस्तू द्यायला आवडते, कारण वस्तूचे छायाचित्र निघते. रबाळे परिसरातील एका शाळेला एका कंपनीने कबड्डीची मॅट दिली. अशी मॅट एक लाखाच्या पुढे जाते, तेव्हा देणगी मोठीच म्हटली पाहिजे. शाळेने मागितले होते ते वेगळेच: मैदानाचा उतार दुरुस्त करून पावसाचे पाणी गटारापर्यंत नेणारी चर, आणि आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या प्रशिक्षकाचे मानधन. मॅट आली, फलक लागला, मुलांना बोधचिन्ह छापलेले टी-शर्ट मिळाले. मॅटचे तुकडे उचलून अंथरायला आणि पुन्हा रचायला माणसे लागतात, शिवाय एवढी कोरडी, बंदिस्त जागा शाळेकडे नव्हती; ते तुकडे सभागृहाच्या रंगमंचामागे एकावर एक रचून ठेवले गेले आणि उंदरांनी त्यांचे कोपरे कुरतडले. मैदानात सप्टेंबरपर्यंत पाणी साचलेलेच होते, आणि शालेय स्पर्धा तर पावसाळ्यातच सुरू होतात. जाता जाता एक गोष्ट नोंदवते. स्वतःच्या मालाच्या जाहिरातीचा लाभ मिळावा म्हणून केलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, असे नियमच सांगतात. टी-शर्टवरच्या बोधचिन्हाचा आकार ठरवण्यात बैठकीचा निम्मा वेळ जातो, तेव्हा हा नियम कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा असे वाटते.

वास्तविक मानधनाची मागणी नियमबाह्य नाही. सीएसआरमध्ये ‘चालू प्रकल्प’ नावाची तरतूद आहे: सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालणारे काम तीत बसते. म्हणजे एका प्रशिक्षकाचे मानधन, मैदानाची वर्षातून दोनदा डागडुजी आणि किरकोळ साहित्य असा तीन वर्षांचा एकच प्रस्ताव मांडता येतो. मी लिहिलेल्या प्रस्तावांपैकी ज्यांची कंपन्यांनी गंभीर दखल घेतली ते याच प्रकारचे होते, आणि त्यांत मागितलेली रक्कम मॅटच्या किमतीहून फार मोठी नव्हती. प्रस्तावात किती मुले, कोणते तास, मुलींचा सहभाग किती, पावसाळ्यात काय करणार आणि तीन वर्षांनंतर काय, हे प्रश्न आधीच उत्तरांसह लिहावे लागतात. शेवटच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुतेक शाळांकडे नसते, हेही मान्य करायला हवे. आणखी एक बारकावा असा की सीएसआरमधून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती सीएसआर क्रमांक असलेल्या संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर असावी लागते. महापालिकेच्या शाळेत हे महापालिकेच्या संमतीशिवाय होत नाही, आणि ती संमती कोणत्या टेबलावरून मिळते हे शोधण्यातच कंपनीचा उत्साह मावळतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपापल्या क्रीडा आणि शिक्षण विभागांना मिळून एक निधी साहाय्य कक्ष द्यावा. त्यासाठी नवी इमारत नको. शासकीय पत्रव्यवहार जाणणारा एक कर्मचारी, अंशकालीन लेखापाल, आणि अंदाजपत्रके तपासून देण्यासाठी अभियांत्रिकी विभागातील एक नेमून दिलेला अभियंता एवढे पुरेल. हद्दीतील प्रत्येक शाळेच्या मैदानाचे मोजमाप, मालकीचे कागद आणि तिथे चालू शकतील असे खेळ यांची एक नोंद या कक्षाने तयार ठेवावी. यातील बरीच माहिती शाळा यू-डायसमध्ये दरवर्षी भरतातच. कोणत्या योजनेचा प्रस्ताव कोणत्या महिन्यात द्यायचा याचे वेळापत्रक जूनमध्ये प्रत्येक शाळेच्या हाती पडावे. मदत करू इच्छिणाऱ्या कंपनीला एकाच ठिकाणी दहा-पंधरा तयार प्रस्ताव पाहायला मिळावेत, ज्यांत शाळेची गरज शाळेने लिहिलेली असेल. अनुदानित शाळांना या कक्षातून वगळू नये, हे मी आग्रहाने मांडते. त्या महापालिकेच्या नाहीत, पण त्यांत शिकणारी मुले याच शहरांची आहेत आणि करही याच घरांतून भरला जातो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला मान्य आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेसाठी मैदान आणि खेळाचे साहित्य सांगितले आहे, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तिथे आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही. मग जे शासनाचे कर्तव्य ते कंपन्यांच्या दारात का मागायचे? खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवण्यासाठी त्यांच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण ती सांगताना शासनाच्या वाट्याचे काय झाले हा प्रश्न मागे राहतो. नियमित शिक्षकाचे पद आणि त्याचा पगार हे शासनाचेच काम आहे आणि त्यासाठी कोणत्याही कंपनीकडे हात पसरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पद भरले जाईपर्यंतच्या काळात आज सहावीत असलेली मुलगी दहावीला पोचते, एवढ्यासाठीच मी दुसऱ्या वाटा सांगते. आणि पद रिक्त असल्याची लेखी नोंद त्या प्रत्येक प्रस्तावात ठेवावी, असाही आग्रह धरते.

आलेल्या पैशाचा हिशेब लोकांसमोर मांडण्याची सवय मात्र शाळांनी लावून घ्यायला हवी. इंग्लंडमध्ये २०१३ साली प्राथमिक शाळांसाठी शारीरिक शिक्षणाचा वेगळा निधी सुरू झाला तेव्हा तो कशावर खर्च केला आणि त्याने काय साधले हे शाळेने आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे, असे बंधन त्यासोबतच घालण्यात आले. आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि अनुदानाच्या वापरावर तिने लक्ष ठेवावे, असे कायदाच सांगतो. त्या समितीच्या सभेत क्रीडा अनुदानाचा विषय किती वेळा निघतो, हे पालकांनी एकदा इतिवृत्त मागून पाहावे. शाळेच्या दर्शनी फळ्यावर ‘या वर्षी खेळासाठी मिळालेली रक्कम, घेतलेले साहित्य, शिल्लक’ अशा तीन ओळी खडूने लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. पुढच्या वर्षी कंपनीकडे किंवा क्रीडा कार्यालयात जाताना त्या फळ्याचे छायाचित्र प्रस्तावाला जोडले, तर दहा पानांच्या प्रास्ताविकापेक्षा ते अधिक बोलते, असा माझा अनुभव आहे.

दोन्ही महापालिकांची अंदाजपत्रके आर्थिक वर्षाच्या अखेरीस मांडली जातात आणि त्यांची तयारी दिवाळीनंतर सुरू होते. साहाय्य कक्षासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष हवे असेल, तर मागणीचे पत्र शिक्षण विभागाकडे त्याआधी पोचले पाहिजे. मुख्याध्यापक संघांनी, क्रीडा शिक्षकांच्या संघटनांनी आणि पालकांनी ते एकत्रितपणे द्यावे, अशी विनंती मी आपल्या वृत्तपत्राद्वारे करते. निवृत्त लेखापाल, अभियंते आणि कंपन्यांच्या सीएसआर विभागांत काम केलेले वाचक या दोन शहरांत मोठ्या संख्येने राहतात. त्यांनी आपल्या जवळच्या एका शाळेचे कागद तपासून द्यायचे ठरवले, तर कक्ष होईपर्यंतही काही प्रस्ताव या हिवाळ्यातच वेळेवर जातील.

आपली नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका,
ऐरोली, नवी मुंबई